आधी जागा धरा, माणूस येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोबत मिळालेली १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स, आणि मित्राच्या सांगण्यावरून घेतलेली ५० मिमी एफ/१.८. घरातले सण, रविवारची मंडई, नात्यातली लग्नं इथे कॅन्डिड, म्हणजे पोज न घेता सहज टिपलेले, फोटो काढायचे आहेत. पण कॅमेरा डोळ्याला लावला की माणसं सावध होतात. जे फोटो मिळतात त्यात कोणी हललेलं असतं, कुणाचा फोकस डोळ्याऐवजी कानावर असतो, नाहीतर मागे इतका पसारा असतो की नेमकं बघायचं काय तेच कळत नाही. दुसऱ्यांच्या फोटोतला सहजपणा हा नशिबाचा भाग असतो का? आणि ७०-३०० मिमीची लांबची झूम लेन्स घेऊन लांबून काढले तर जमेल का?

लेन्सचं शेवटी बोलू. तक्रारी तीन दिसत असल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. तुम्हाला आधी क्षण दिसतो आणि मग तुम्ही कॅमेरा उचलता. उजेड कसा आहे, मागे काय आहे, माणूस किती लांब आहे, हे तिन्ही निर्णय त्या अर्ध्या सेकंदात घ्यायला जाता. ते कुणालाच जमत नाही, वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांनाही नाही. ते एवढंच करतात की हे तीन निर्णय आधीच उरकून ठेवतात. फोटोतलं माणसाचं वागणं ठरवलेलं नसतं, पण तो जिथे येऊन तसा वागला ती जागा बऱ्याचदा ठरवलेली असते. नशीब लागतं, पण ते शेवटच्या टप्प्यात.

हे कुठे, कसं वापरायचं ते परिस्थितीवर अवलंबून आहे. घरच्या माणसांना तुमची सवय करता येते, मंडईत तेवढा वेळ नसतो. लग्नात कॅमेरे इतके असतात की तुमच्याकडे कोणी बघत नाही, पण उजेड वाईट असतो. म्हणून खालचे आकडे सुरुवात करण्यापुरते धरा आणि आपापल्या जागेप्रमाणे बदला.

आधी ५० मिमीचा हिशोब, कारण तुमचे निम्मे फोटो तिथेच जातात. क्रॉप सेन्सरवर ५० मिमीने दोन मीटरवरचा माणूस टिपला तर फ्रेममध्ये आडवी जेमतेम ९४ सेंटिमीटर जागा मावते. म्हणजे चेहरा आणि खांदे. तो काय करतोय, कुठे बसलाय, शेजारी कोण आहे, सगळं बाहेर. दुसरं म्हणजे एफ/१.८ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं असताना, दोन मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १२ सेंटिमीटर जाडीचा असतो. चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर पुढे येतो, म्हणजे हे १२ सेंटिमीटर तो एक दशांश सेकंदात पार करतो. कॅमेऱ्याने फोकस धरून शटर उघडेपर्यंत तो पट्ट्याबाहेर गेलेला असतो. कानावरचा फोकस तिथून येतो. कॅमेऱ्यात बिघाड नाही. एफ/१.८ हे बसलेल्या, आपल्यात गुंग असलेल्या माणसासाठी ठीक आहे. चालत्या गर्दीसाठी नाही.

मंडईत किट लेन्स लावा आणि १८ मिमीवर ठेवा. ॲपर्चर एफ/८ (आकडा मोठा तसं भोक लहान). दोन मीटरवरच्या एखाद्या खांबावर किंवा पोत्यावर शटर अर्धं दाबून फोकस घ्या आणि मग फोकस मॅन्युअलवर टाका. आता एक मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येईल. फोकसचा प्रश्नच संपला. उजेड कमी असेल आणि एफ/५.६ लावावं लागलं, तरी साधारण सव्वा ते सहा मीटरचा पट्टा हातात राहतो. दोन मीटर म्हणजे किती, हे नजरेत बसायला हवं. त्यासाठी घरात फरशीवर टेपने एक, दोन, तीन मीटरच्या खुणा करा आणि येता-जाता त्यावर उभं राहून बघा. आठवडाभरात अंदाज बसतो. जुन्या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असत, आताच्या किट लेन्सवर नसतात, म्हणून हा खटाटोप. एक सावधगिरी: झूमची रिंग चुकून फिरली की हा सगळा हिशोब कोसळतो, आणि काही कॅमेरे बंद करून चालू केले की फोकस विसरतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक फोटो मोठा करून तपासा.

शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते. १/६० सेकंदाला आडवा चालणारा माणूस उघडझाप होईपर्यंत दोन सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणून तो पुसट दिसतो. समोरून आपल्याकडे येणाऱ्याला १/२५० पुरतं. जवळून आडवा जाणारा, पळणारं पोर, उडणारं पाणी यांना १/५०० किंवा जास्त. बसून गप्पा मारणाऱ्यांना १/१२५ चालतं, पण हात हलवत बोलणारी मंडळी असतील तर १/२५०च. हे सगळं तिथे आठवत बसू नका. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता उजेडाप्रमाणे कॅमेऱ्याने बदलणं) चालू करा, किमान शटर १/२५० आणि कमाल आयएसओ ६४०० नेमून द्या. ताडपत्रीखालच्या सकाळच्या उजेडात एफ/८ला आयएसओ आठशे-हजारच्या आसपास जाईल. दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार फोटो घरातल्या भिंतीवर शोभतो, हललेला कपाटात जातो.

आता खरा भाग, जागा.

मंडईत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं माणसांकडे बघूच नका. उजेडाकडे बघा. पत्र्याच्या फटीतून आलेला कवडसा कुठे पडलाय? कुठल्या गाळ्याच्या मागे काळोख आहे? कुठली भिंत एका रंगाची आहे? पुण्याच्या महात्मा फुले मंडईची जुनी इमारत १८८६ची. उंच छप्पर, दगडी खांब, आत अंधारलेले भाग आणि बाजूने येणारा उजेड. अशा ठिकाणी उजेडाचे तुकडे पडतात आणि त्यांच्या भोवती सावली असते. मी अशा तुकड्यासमोर दोन-तीन मीटरवर, आडोशाला उभा राहतो, कवडशातल्या एखाद्या वस्तूवर एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, ठरवतो (बहुतेक वेळा कॅमेरा जे सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी) आणि वाट बघतो. माणसं त्या उजेडातून जाणारच आहेत. डोक्यावर पाटी घेतलेला हमाल जाईल, कोथिंबीर निवडून घेणारी बाई थांबेल, कुणी मान वर करून भाव विचारेल. मागचा पसारा काळोखात आपोआप बुडालेला असतो. पसारा झाकायला ॲपर्चर मोठं उघडण्याची गरज पडत नाही, आणि माणूस कुठे आहे हेही फोटोत राहतं.

ताडपत्रीच्या रंगाकडे मात्र लक्ष द्या, कारण याबद्दल कोणी सांगत नाही. निळ्या प्लास्टिकखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा-करडा होतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) बदलून तो सुधारायला गेलात तर बाहेरचं उन्हातलं सगळं नारिंगी होतं, कारण एका फ्रेममध्ये दोन रंगांचे उजेड आहेत. तो फोटो कृष्णधवल करणं हा एकच प्रामाणिक मार्ग उरतो. पांढरी किंवा मळकी कापडी ताडपत्री असेल तिथे थांबा. ती कडक ऊन गाळून मऊ करते आणि चेहऱ्यावर डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या पडत नाहीत. निळ्याखालीच काम करायचं असेल तर कडेला बसलेला विक्रेता शोधा, ज्याच्या तोंडावर बाहेरचा उजेड येतो.

फुलबाजाराचं वेगळं आहे. दादरच्या फुलबाजारात पहाटे कृत्रिम दिव्यांचा उजेड असतो आणि झेंडूचे ढीग. उजाडल्यावर ढिगावर ऊन पडलं की खालून पिवळा उजेड विक्रेत्याच्या चेहऱ्यावर चढतो, तो फार सुंदर दिसतो. पण त्याच ढिगाचा लाल रंग कॅमेऱ्यात आधी फुटतो आणि पाकळ्यांऐवजी नुसता केशरी डाग उरतो. अशा वेळी एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा आणि शक्य असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल काढा.

जागा धरली, कॅमेरा तयार आहे. आता क्षण. इथे बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढण्यावर, विसंबू नका. डोळ्याने बघून बोटाने दाबेपर्यंत माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. हसू दिसलं म्हणून दाबलं, तर जे मिळतं ते ओसरणारं हसू. बर्स्टमध्ये सेकंदाला पाच फोटो १/२५०ने काढले, तर त्या एका सेकंदातला फक्त एक पन्नासांश भाग नोंदला जातो, बाकी सगळा मधल्या फटींमध्ये निसटतो. त्यामुळे थोडं आधी दाबायला शिकणं भाग आहे, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही, कारण बहुतेक कामांना फेरा असतो.

चहावाला एका भांड्यातून दुसऱ्यात चहा ओततो तेव्हा वरचा हात टोकाला जाऊन किंचित थांबतो. धार तिथे सर्वांत लांब असते आणि हात जवळजवळ स्थिर असतो, म्हणजे क्षणही तोच चांगला आणि हलण्याची शक्यताही तिथेच कमी. दोन फेरे नुसते बघा, तिसऱ्याला दाबा. वाफ हवी असेल तर उजेड तिच्या मागून किंवा बाजूने यायला हवा आणि तिच्या पाठीमागे गडद काहीतरी हवं. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसत नाही, कितीही आली तरी. रांगोळीच्या चिमटीतून सुटणाऱ्या पुडीचंही तेच. भाजीवाल्याकडे मापाचा क्षण बघा: विक्रेत्याची नजर काट्यावर, गिऱ्हाइकाची त्याच्या हातावर. दोघंही गुंग, दोघांनाही तुमची फिकीर नाही. पैसे देताना मात्र दोघं वर बघतात आणि तुम्ही दिसता. त्याच्या आधी दाबा.

दुसरी एक सवय लावून घ्या: शटरचा आवाज झाल्यावर कॅमेरा लगेच खाली आणू नका. माणसं आवाज ऐकून 'झालं एकदाचं' म्हणून सैल होतात. केस मागे सारतात, शेजारच्याला कोपर मारतात, मोठ्याने हसतात. बरेच चांगले कॅन्डिड फोटो हे पोज दिलेल्या फोटोनंतरच्या तीन-चार सेकंदांतले असतात. स्क्रीनवर नुकताच काढलेला फोटो बघत बसणारा नेमके हेच सेकंद गमावतो. कॅमेऱ्यातला ऑटो रिव्ह्यू बंदच करून टाका.

'कॅमेरा लावला की सावध होतात' याला मुख्य कारण कॅमेऱ्याची हालचाल. शांत उभा असलेला माणूस अचानक हात वर नेतो तेव्हा सगळे बघतात. तुम्ही आधीच कॅमेरा छातीशी धरून पाच मिनिटं उभे असाल तर कोणाला नवल वाटत नाही. स्क्रीन बाहेर वळणारी असेल तर ती आडवी करून पोटाच्या उंचीवरून बघा. जुन्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात वरून खाली वाकून बघावं लागे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनीही तो वापरला. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या आणि सुरुवातीच्या काळात शहरातलं रोजचं जगणं, बरोबरच्या मैत्रिणी असे फोटो त्यांनी काढले. अशा कॅमेऱ्याचा एक फायदा असा की फोटो काढणाऱ्याचा चेहरा झाकला जात नाही. समोरच्याला नळी रोखलेली वाटत नाही. शिवाय पोटाच्या उंचीवरून बसलेल्या विक्रेत्याच्या डोळ्यांची पातळी जवळ येते. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत त्याचं टक्कल आणि टोपलीच जास्त दिसते.

लपवाछपवी करू नका. खांद्याआडून, पिशवीआडून काढणारा माणूस चोरटा दिसतो आणि लोक चोरट्याला अचूक ओळखतात. नजरानजर झाली तर मान हलवून हसा, फोटो दाखवा. कोणी हाताने 'नको' म्हटलं तर तिथेच थांबायचं आणि काढलेला असेल तर त्यांच्यासमोर पुसायचा. आणि परवानगी घेतली की कॅन्डिड संपलं, असंही नाही. सरळ विचारा, ते ताठ बसतील, तो फोटो काढा, दाखवा, मग निघून न जाता तिथेच रेंगाळा. गिऱ्हाईक आलं की ते तुम्हाला विसरतात. लाजऱ्या माणसांच्या बाबतीत मला हाच रस्ता जास्त खात्रीचा वाटतो.

घरात तर हे सोपं आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. कॅमेरा कपाटातून फक्त सणाला बाहेर निघत असेल तर तो निघाल्यावर सगळे नीट बसणारच. तो ओट्याजवळच्या फडताळावर कायम असू द्या, बॅटरी भरलेली. आधी चार-सहा दिवस कारण नसताना फोटो काढा, कोणालाही दाखवू नका, 'इकडे बघ', 'हस' हे शब्द पूर्ण बंद. मुलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळून दुर्लक्ष करायला लागतात. तिथून सुरुवात.

घरात जागा म्हणजे खिडकी आणि दार. माणसाला उजेडात आणता येत नसेल तर कामाला आणा. वाटाणे सोलायची परात खिडकीपाशी ठेवली की सोलणारे तिथेच बसतात. हे फसवणं वाटत असेल तर वाटू द्या, मला वाटत नाही. त्यांच्या गप्पा, भांडणं, शेंगेतला दाणा तोंडात टाकणं, हे तुम्ही ठरवलेलं नाही. खिडकी तुमच्या पाठीशी न घेता बाजूला घ्या. बाजूच्या उजेडात हातांच्या शिरा, पिठाचा स्पर्श, सोऱ्यातून उतरणारी चकली यांना उठाव येतो. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर खिडकीकडची बाजू एका रंगाची आणि दुसरी बाजू दुसऱ्याच रंगाची होईल.

दिवाळीचा किल्ला हा घरगुती कॅन्डिडचा उत्तम विषय आहे. मुलांचे हात चिखलात असतात, त्यामुळे ती पोज द्यायला मोकळीच नसतात. पोटावर पडा, कॅमेरा किल्ल्याच्या उंचीवर आणा, मावळ्यांच्या मधून मुलांचे चेहरे बघा. चेहरे किल्ल्याच्या कडेशी चिकटलेले दिसतात का, की मध्ये मोकळी जागा आहे, हे तपासा. दोन आकार एकमेकांवर चढले की दोन्ही मरतात. एक फूट डावीकडे सरकलं तरी सुटे होतात. ही सरकासरकी जास्त महत्त्वाची, सेटिंगपेक्षा. मुलामागून उगवलेला नळ, डोक्यात घुसलेली गॅलरीच्या गजाची रेघ, कोपऱ्यातली पांढरी प्लास्टिकची पिशवी, हे सगळं पाय हलवून टाळायचं असतं.

रात्री घरात दिव्याच्या उजेडात एफ/२.८, १/१०० आणि आयएसओ १६०० ते ३२०० असा अंदाज धरा. इथे तुमची ५० मिमी कामाला येते. शटर १/१०० किंवा १/५० का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याचं 'सायलेंट' म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर आणि १/५००ची घाई एकत्र आली की फोटोभर आडवे काळे पट्टे उमटतात. नंतर ते नीट निघत नाहीत. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावणारे लग्नात इथेच फसतात. हॉलमध्ये पोचल्यावर एक फोटो काढून मोठा करून बघा. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर. सनई-चौघड्यात तुमचा खटका कोण ऐकतंय?

लग्नातला सर्वांत अपेक्षित 'अनपेक्षित' क्षण म्हणजे अंतरपाट दूर होणं. शेवटचं मंगलाष्टक कधी संपणार ते चालीवरून कळतं, 'सावधान'नंतर अक्षता उडणार हेही माहीत असतं. त्या वेळी सगळे कॅमेरे वधूवरांकडे असतात, ते नेमलेल्या फोटोग्राफरचं काम आहे, त्याच्या आड येऊ नका. तुम्ही उलटीकडे बघा. वधूची आई, मागे उभा असलेला मामा, मुठीतल्या अक्षता आधीच सांडून बसलेलं पोर, टाचा उंचावणारी करवली. हे चेहरे त्या दोन सेकंदांत स्वतःकडे बघत नसतात. मंगलाष्टकांच्या सुरुवातीलाच त्यांच्यासमोर कोन धरून ठेवा. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर १/५००, त्यांच्या रेघा हव्या असतील तर १/६०. मध्येच १/२०० ठेवलं तर त्या धड थांबत नाहीत, धड वाहत नाहीत, नुसता कचरा दिसतो.

मोबाइलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण खिशात तोच असतो. आधी लेन्स सुती कापडाने पुसा. खिशातल्या तेलकट बोटांमुळेच निम्मे मोबाइल फोटो धुरकट येतात. नाइट मोड बंद ठेवा, तो अनेक फ्रेम जोडतो आणि हलणारा माणूस भुतासारखा होतो. पोर्ट्रेट मोड केसांच्या कडा खातो. बोट दाबून धरून फोकस-एक्सपोजर लॉक करा आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढा. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू असेल तर दाबण्याच्या दीड सेकंद आधीचं आणि नंतरचंही नोंदलं जातं, त्यातली वेगळी फ्रेम निवडता येते, फक्त तिचा दर्जा मूळ फोटोपेक्षा थोडा कमी असतो.

निवड हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. जागेवर डिलीट करू नका, छोट्या स्क्रीनवर कोपऱ्यातलं काही दिसत नाही. घरी आल्यावरही लगेच निवडू नका. काढताना जी मजा आली ती फोटोत नसली तरी आपल्याला दिसत राहते. आठवड्याने बघा. आधी सगळे अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. त्या आकारात जो ओळखू येतो, त्याची रचना शाबूत आहे. मग मोठा करून चार कडा फिरून बघा: अर्धा कापलेला हात, उजळ ठिपका, कोणाचा तरी पाय. मग डोळे आणि हात. चेहरा साधा असेल पण हात बोलत असतील तर ठेवा. हसू झकास आणि हात फ्रेमबाहेर, तर बहुधा जाऊ द्या. एका प्रसंगाचा एकच फोटो. दोन ठेवलेत की दोन्हींचं वजन घटतं. आणि क्रॉप करायला लाजू नका. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप न करण्याबद्दल प्रसिद्ध, पण पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे १९३२मध्ये टिपलेला डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा फोटो कडा कापूनच छापला गेला, कारण कुंपणाच्या फटीतून काढताना एका बाजूला आडोसा आला होता.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक जागी फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. पण खासगी कृत्यात असलेल्या स्त्रीचा, कोणी बघत नाही असं ती गृहीत धरू शकते अशा स्थितीत फोटो काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे (१ जुलै २०२४पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३५४-क). नदीघाटावर आंघोळ करणाऱ्यांकडे कॅमेरा वळवताना हे डोक्यात ठेवा, आणि कायदा नसता तरी वळवू नका. लष्करी हद्द, विमानतळ, मंदिरांचे गाभारे इथे पाट्या वाचा. अनोळखी मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय मी टाकत नाही. जाहिरातीसाठी किंवा विकण्यासाठी वापरायचा असेल तर ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती घ्या.

आता ७०-३००. या कामासाठी घेऊ नका. लांबून काढलेल्या फोटोत माणूस तुमच्यापासून तोडलेला दिसतो, बघणाऱ्याला ते अंतर जाणवतं. २०० मिमीवर हात हलू नये म्हणून क्रॉप सेन्सरला १/३२०च्या वर जावं लागतं, आणि या लेन्स त्या टोकाला एफ/५.६च्या आसपास असतात, म्हणजे मंडईत किंवा हॉलमध्ये आयएसओ भलताच चढतो. शिवाय लांब नळी लोकांना जवळच्या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त खटकते. वारीतलं रिंगण, नदीपलीकडचा काठ, मैदानावरचा खेळ अशा ठिकाणी, जिथे जवळ जाताच येत नाही, तिचा उपयोग आहे. तशी गरज वर्षात एकदा-दोनदाच असेल तर भाड्याने आणा. पुढचे दोन-तीन महिने १८ मिमीवर, दोन मीटरवरून, एकाच मंडईत एकाच वेळेला जा. विक्रेते ओळखायला लागतील, कवडसा किती वाजता कुठल्या गाळ्यावर येतो ते तुम्हाला पाठ होईल. आधी काढलेल्या फोटोंचे चार बाय सहाचे प्रिंट ज्यांचे त्यांना नेऊन द्या, त्यानंतर तिथे तुम्हाला कोणी हटकणार नाही. ५० मिमी घरासाठी राहू द्या, संध्याकाळी, एफ/२.८वर.